मिटलेली पोथी

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. किती जुनी ते विचारू नका, पण परीक्षा तेव्हाही होत्या. त्यांच्यातून कुणाची सुटका झालीय?

एका डोंगरी गावात वैद्य नव्हता. दुखणाइताला डोलीत घालून नदीपार न्यावं लागे आणि कितीक जण वाटेतच जात. राजाचा नियम असा, की गावाने आपलं एक माणूस वैद्यकी शिकायला पाठवावं. ते परीक्षेत उतरलं तर गावाला वैद्य मिळेल. दोनदा हरलं तर त्या गावाची पाळी पिढीभर येणार नाही. गावाने सगुणेला पाठवलं. ती एकदा हरली होती आणि आता ही शेवटची खेप होती.

सगुणेला आळशी म्हणाल तर जीभ झडेल तुमची. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती गुरुकुलातल्या तेलघाण्याजवळच्या सावलीत पोथी मांडून बसे. तिथली रीतच तशी होती: ओळीवर बोट ठेवायचं आणि मोठ्याने वाचायचं. पोथी संपली की पुन्हा पहिलं पान. डोळे चुरचुरत, मान आखडे, घास गोड लागेना.

"मेलं, एवढं वाचूनही मनातली धाकधूक काही जात नाही," ती पुटपुटली.

घाण्याला जुंपलेला म्हातारा बैल पवळ्या थांबला. त्या काळी बैल बोलत. आता ऐकणारं कोणी उरलं नाही.

"बाई, दिवसभर काय करतेस तू?"

"वाचते. काल वाचलं, आज वाचलं, उद्याही वाचीन."

"मीही दिवसभर चालतो," पवळ्या म्हणाला. "झापडं काढली, की आपला जिथल्या तिथे."

सगुणेला राग आला, पण रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. "मग करू काय? तूच सांग, शहाण्या."

"तरुणपणी मी गाडी ओढायचो. धन्याने कासरा ओढला की वळायचो. वर्षानुवर्षं बाजाराला गेलो, पण रस्ता काही कळला नाही. एकदा धनी गाडीतच झोपला. फाट्यावर मी चुकलो, नाल्यात शिरलो, मागे फिरलो, कसाबसा घरी पोचलो. तो रस्ता मात्र आजही विसरलो नाही. तुझं हे बोट म्हणजे कासरा आहे, बाई. पोथी मिट आणि सांग मला, तापाला काय द्यायचं?"

सगुणेने पोथी मिटली. दोन औषधांची नावं आली आणि गाडी अडली. पोथी उघडी असती तर घडाघडा म्हटलं असतं. तिला रडूच कोसळलं. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली असं तिला वाटलं, आणि खरं सांगू, बरीचशी गेलीच होती.

"रडून झालं की जिथे अडलीस तेवढंच बघ," पवळ्या म्हणाला. "आणि पुन्हा मिट."

मग ती थोडं वाचून, पोथी मिटून, बैलाला सांगू लागली. पवळ्याही मोठा खट. आजचं सांगून झालं की परवाचं विचारी, मग गेल्या पंधरवड्यातलं. सगुणा चुके, चिडे, कपाळाला हात लावून बसे. वाचण्यापेक्षा हे फार जड होतं. "गाढवापुढे गीता ऐकली होती, ही बैलापुढे वाचतेय," असं म्हणत बाकीचे शिष्य हसत आणि सुरात पुढचं पान वाचत. अगदीच दमली की ती सरळ झोपून जाई, कारण थकलेलं जनावर जुंपू नये अशी पवळ्याची ताकीद होती.

परीक्षेत राजवैद्यांनी पोथ्या बाहेर ठेवायला लावल्या. सुरात वाचणारे पहिली ओळ म्हणून थांबले. सगुणाही अडली, पण अडल्यावर वाट शोधायची तिला सवय झाली होती. पहिली काही आली नाही ती, उतरली, एवढंच.

गावी पोचली तेव्हा तिचे पाय सुजले होते. वेशीवरच एक बाई मूल घेऊन धावत आली. त्याने रानातली कसलीशी बी खाल्ली होती, ओठ निळे पडले होते.

"ताई, काही तरी कर गं," बाई म्हणाली.

सगुणेने मुलाचे डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि काय काय आणायचं ते भराभर सांगितलं. पोथीचं गाठोडं सोडायला वेळच नव्हता.

ऊन कलता कलता मूल आईच्या मांडीवर पेज पिऊ लागलं. सगुणा तिथेच भिंतीला टेकून झोपी गेली आणि तिला कुणी उठवलं नाही.

तेव्हा बाळांनो, एवढं ध्यानात ठेवा: पाहून म्हटलेलं पोथीचं असतं, मिटून आठवलेलं तेवढंच आपलं.