फुकटचा मुक्काम

उत्तरेकडच्या एका राज्यात, नदीकाठच्या तीर्थक्षेत्री, एकदा एक हिशेबी गृहस्थ आपल्या वृद्ध गुरूंच्या भेटीला आला. लहानपणी तो त्यांच्याच पाठशाळेत शिकला होता. आता एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता, आणि कंपनीने त्याला बदली देऊ केली होती ती थेट दक्षिणेकडच्या एका राज्यात. पौर्णिमेनंतर होकार की नकार ते कळवायचं होतं. होकार त्याने मनाशी ठरवूनच टाकला होता. गुरूंकडून त्याला सल्ला नको होता, शाबासकी हवी होती. सल्ला मागायला येणारे बहुतेक जण त्याचसाठी येतात.

नमस्कार करून तो समोर बसला आणि म्हणाला, "गुरुजी, दोन्हीकडच्या राहणीखर्चाची मी नीट तुलना केली आहे. तिकडे घरभाडं जास्त, शिवाय घरमालक कित्येक महिन्यांचं भाडं अनामत म्हणून आधीच मागतात. गहू महाग, मोहरीचं तेल तर शोधत फिरावं लागतं. पण तांदूळ, नारळ, केळी स्वस्त. पंखा बारा महिने फिरणार, तेवढी वीज जास्त लागेल. पण हिवाळाच नाही म्हटल्यावर रजया नकोत, हीटर नको, मुलांचे लोकरी कपडे नकोत. सगळं धरून महिन्याकाठी चांगली बचत होते."

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "आणि घरातली माणसं?"

"पत्नी तयार आहे. मुलांच्या शाळेचं बघून ठेवलं आहे. आईचं तर भलंच होईल. इथल्या थंडीत तिचे गुडघे धरतात, तिकडे कायम ऊब. औषधं कमी लागतील. म्हणजे तिचा खर्च उलट घटेलच."

"ती स्वतः काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? 'तुम्ही न्याल तिथे येईन,' म्हणाली."

त्याची आई लग्न होऊन ज्या गल्लीत आली, त्याच गल्लीत म्हातारी झाली होती. नवऱ्याच्या माघारीही ती तिथेच राहिली होती. बदलीची वार्ता ऐकल्यावर तिने खाली बघत तेवढं एक वाक्य उच्चारलं, आणि मुलाने ती पडत्या फळाची आज्ञा मानली. तिचा चेहरा बघायला त्याला सवड झाली नव्हती.

गुरुजींनी डोळे उघडले. "तुझी तुलना चांगली आहे," ते म्हणाले. "पण कागदावरच्या गोष्टी कशाला? घोडामैदान जवळच आहे. आपल्या गावात दक्षिणेतल्या एका मठाची धर्मशाळा आहे. तिकडचे यात्रेकरू तिथे उतरतात. मी शब्द टाकला की तुझीही सोय होईल. भाडं नाही, जेवण फुकट, दिव्याचा-पाण्याचा खर्च नाही. यापेक्षा स्वस्त जागा तुला ना उत्तरेत मिळेल, ना दक्षिणेत. पौर्णिमेपर्यंत राहा. आवाराबाहेर मात्र पडू नकोस, आणि घरी कळवून झालं की तो मोबाइल माझ्यापाशी ठेव. मग आपण बचतीविषयी बोलू."

शिष्याला काही उमगलं नाही. खर्चाचा प्रश्न विचारायला यावं आणि मुक्कामाची आज्ञा मिळावी, हा काय प्रकार? पण गुरूंचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर फुकटात मिळणारी गोष्ट नाकारणं त्याच्या स्वभावातही नव्हतं.

धर्मशाळा स्वच्छ होती. पहाटे दारात रांगोळी पडे, पितळी वाटीत वाफाळती कॉफी येई, दुपारी केळीच्या पानावर भात. माणसं हसतमुख होती. त्याची भाषा मात्र त्यांतल्या एकालाही येत नव्हती, आणि त्यांची त्याला. पहिल्या दिवशी त्याला ते बरंच वाटलं. कार्यालयातली बडबड, फोन, घरातल्या कुरबुरी, सगळ्यांतून सुटका झाली म्हणून तो निवांत झोपला.

दुसऱ्या दिवशी जेवताना तो वाढप्याला म्हणाला, "सांबार फार छान झालंय." वाढप्याने हसून आणखी वाढलं. "पुरे, पुरे," तो म्हणाला, तर आणखी वाढलं. पंगतीत हशा पिकला. तोही हसला, पण आपण कशाला हसलो ते त्याला कळलं नाही. संध्याकाळी ओसरीवर मंडळी गप्पांत रंगली होती. कोणीतरी काही बोललं, सगळे खळखळून हसले. या वेळी त्याला वाटलं, आपल्यालाच हसताहेत. तसं काही नव्हतं. पण नव्हतं, हे तरी त्याला कोण सांगणार?

मग पोट बिघडलं. त्याने पोटावर हात ठेवून दाखवलं, तर भुकेला समजून त्याच्यापुढे इडल्या आल्या. एका वृद्ध बाईला काय ते उमजलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. औषध सांगत होती की आशीर्वाद देत होती, की आपल्या मुलाची आठवण काढत होती, हे त्याला अखेरपर्यंत समजलं नाही. मान डोलावण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हतं. त्या लोकांवर रागावताही येत नव्हतं, कारण ते मनापासून चांगले होते. त्यामुळे त्याला अधिकच कोंडल्यासारखं झालं.

त्यानंतरच्या दुपारी मागच्या अंगणात बांधलेल्या गाईपाशी तो बसला आणि तिच्याशी बोलू लागला. आधी सहज, मग भडभडून. वडील गेले तेव्हा आपण परगावी होतो, शेवटची भेट झाली नाही, हे त्याने कधी पत्नीलाही नीट सांगितलं नव्हतं. ते त्याने गाईला सांगितलं. गाय कडबा चघळत राहिली. चांगला मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, आणि गाईच्या मानेवर डोकं टेकून रडत होता. लोक धावून आले, त्यांनी पाणी दिलं, पंख्याने वारा घातला. काय झालं ते मात्र कोणी विचारू शकलं नाही.

पौर्णिमा यायच्या आतच तो गुरूंपुढे येऊन उभा राहिला.

"का रे, जेवण कमी पडलं?" गुरुजींनी विचारलं.

"नाही, गुरुजी. पोटभर होतं."

"माणसं वाईट वागली?"

"फार चांगली वागली."

"खर्च काही झाला?"

"काहीच नाही."

"मग एवढ्या स्वस्त जागेतून पळालास का?"

शिष्य खाली बसला. "गुरुजी, तिथे मी कोणीच नव्हतो. मला काय दुखतंय, काय आवडलं, माझे वडील कोण होते, यातलं काहीच कोणापर्यंत पोचत नव्हतं. आणखी दोन दिवस राहिलो असतो तर वेडा झालो असतो." मग त्याला आपल्या बदलीची आठवण झाली आणि तो घाईने म्हणाला, "पण तिकडे तसं व्हायचं नाही. कार्यालयात माझी भाषा जाणणारे पुष्कळ आहेत. मुलं खेळता-खेळता तिकडची भाषा उचलतील. पत्नी हुशार आहे, बाजारात जाऊन-येऊन शिकेल. राहता राहिली..."

तो मध्येच थांबला. गुरुजींनी त्याचं वाक्य पुरं केलं नाही.

"आई," तो शेवटी म्हणाला.

तेव्हा गुरुजी म्हणाले, "बाळ, तुझ्या तुलनेत चूक नव्हती. भाव बरोबर होते, बेरीजही बरोबर होती. पण घराचा खर्च कमी होतो तेव्हा दर वेळी तो नाहीसा होतोच असं नाही. पुष्कळदा तो घरातल्या सर्वांत मुक्या माणसाच्या वाट्याला जातो, आणि ते माणूस तक्रार करत नाही म्हणून आपण त्याला बचत म्हणतो. तिच्या गुडघ्यांचा खर्च तू धरलास. सकाळी भाजीवाल्याशी घासाघीस, दुपारी शेजारणीशी सुखदुःख, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर चार शब्द, हे तिचं अन्न आहे. ते तिकडच्या बाजारात कोणत्याच भावाने मिळत नाही. जे तुला पौर्णिमेपर्यंत सोसवलं नाही, ते तू तिला तिच्या अखेरपर्यंत देणार होतास."

शिष्याचे डोळे भरून आले. "मग जाऊ नको का?"

"असं मी कुठे म्हणालो? पोटासाठी माणसं दूर जातात. त्यात पाप नाही. जायचं की नाही ते तुमचं घर ठरवील. मी फक्त म्हणतो, जिला ते भोगायचंय तिला आधी विचार. आणि विचारलंस तर उत्तर ऐकण्याइतका वेळ तिच्यापाशी बस."

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा आई अंगणात मटार सोलत बसली होती. तो तिच्याशेजारी भुईवर बसला. हा इथे कसा बसला, म्हणून तिने चमकून पाहिलं.

"आई, तुला तिकडे जायचंय का?"

"मला विचारतोस?" ती म्हणाली. मग बराच वेळ नुसतेच दाणे काढत राहिली. पुढे हळूहळू बोलू लागली. शेजारणीच्या सुनेला दिवस गेलेत, ते बाळ बघायचं होतं. देवळातल्या भजनात तिची जागा ठरलेली होती. "तिकडची माणसंही चांगलीच असतील रे," ती म्हणाली. "मी मेले तर चार माणसं जमतील, हळहळतील. पण ही बाई कशी होती, हे त्यांच्यातलं कोण कोणाला सांगेल? रात्र रात्र त्याचीच भीती वाटते."

आपली आई इतकं बोलते हे गल्लीला ठाऊक होतं, त्यालाच ठाऊक नव्हतं.

मग आईनेच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझी चांगली नोकरी माझ्यापायी जायला नको. येईन मी. पण एक सांग. रोज असा, थोडा वेळ का होईना, माझ्यापाशी बसशील?"

'बसेन' हा शब्द त्याच्या ओठांवर लगेच आला. आजवर असे किती शब्द त्याने चटकन देऊन टाकले होते! या वेळी त्याने तो गिळला. नवी जागा, नवी जबाबदारी, उशिरा सुटणारं कार्यालय, थकून परत येणं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. हे आपल्याला परवडेल का, असा प्रश्न त्याने पहिल्यांदाच स्वतःला प्रामाणिकपणे विचारला. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"बसेन," तो म्हणाला.

उत्तर यायला इतका वेळ लागला, म्हणूनच आईने त्याच्यावर विश्वास ठेवला.