वांग्यांचं दुपटं

एका राज्यात कुणालाच सुई टोचत नसे. टोचायला आधी सुई हातात धरावी लागते, आणि त्या राज्यात ती कुणी धरतच नसे. शिंप्यांनी दुकानं मिटली होती, रंगाऱ्यांचे हंडे पालथे पडले होते, कोष्ट्यांच्या मागांवर कोंबड्या निजत होत्या. कारण राजवाड्यात एक पेटी होती.

राजा धवलकीर्तीला ती पेटी एका डोंगराच्या पोटात सापडली. पेटीवर मायाधर नावाचा मांत्रिक बसला होता.

मांत्रिक म्हणाला, "राजा, ही पेटी घेऊन जा. ज्या वस्त्रावर माझी नजर पडेल, तसं वस्त्र ही रोज सकाळी हवं तितकं देईल. त्याला शिवण नसेल, गाठ नसेल, डाग नसेल."

"मोबदला काय?"

"काही नको."

राजा तसा शहाणा म्हणवत असे. पण फुकट म्हटल्यावर शहाण्यांचं शहाणपण कुठे जातं, ते देवच जाणे. त्याने पेटी आणली. मागोमाग मांत्रिकही आला आणि राजवाड्याच्या महाद्वाराशी ठाण मांडून बसला. आत जाणारं प्रत्येक कापड तो उलगडून पाही.

मोबदला होताच. पेटीचं वस्त्र ज्याच्या अंगाला लागे, त्याच्या हातांची जाण रोज थोडी आटे आणि मायाधराच्या बोटांत जाऊन बसे. इतकी हळू, की कुणाच्या ध्यानात आलं नाही. भाकरी गरम आहे की गार, हे लोकांना तोंडात घातल्यावर कळू लागलं. मायाधर मात्र दाराशी बसून दिवसभर उन्हात तापलेले दगड कुरवाळी आणि सुखाने डोळे मिटी. तो हजार वर्षांचा होता. त्याचे स्वतःचे हात केव्हाच बधिर झाले होते, आणि आता तो दुसऱ्यांच्या हातांवर जगत होता.

अशी नऊ वर्षं गेली. मग राणी कमलजाला मुलगी झाली. राज्यात साखर वाटली गेली, चौघडा वाजला, आणि बाळाला पेटीतल्या कोऱ्या रेशमात गुंडाळलं.

बाळ रडलं नाही. ते दूध पीत होतं, डोळे उघडत होतं, पण त्याची मूठ मिटत नव्हती. राणीने आपलं बोट त्या तळव्यात ठेवलं, तरी ती पाच बोटं उघडीच राहिली. राजवैद्य आले, नाडी पाहून गेले. चौथ्या दिवशी बाळाच्या पायांची बोटं पांढरी पडली आणि संगमरवरासारखी कठीण लागू लागली. हे राणीला हातांनी कळलं नाही. तिने ओठ टेकले तेव्हा कळलं, आणि ती पार खचून गेली.

खिडकीबाहेर लिंबाचं झाड होतं. त्यावर एक शिंपी पक्षी घरट्यासाठी दोन पानं एकाला एक शिवत होता. त्या राज्यात पक्षी बोलत, याचं कुणाला नवल नव्हतं. नवल एवढंच, की कुणी त्यांचं ऐकत नसे. त्या दिवशी राणीने ऐकलं.

"राणी, बाळाला कशात गुंडाळलंस?"

"उत्तम रेशमात. अगदी कोऱ्या."

"चुकलीस. तान्ह्याला आधी जुनं लावतात. कुणीतरी अंगावर वापरून मऊ केलेलं. तुझ्या आजीला हे ठाऊक होतं."

राणीला ते आठवलं. पण राज्यात जुनं उरलं होतं कुठे? लोक रोज सकाळी नवं घेत आणि कालचं चुलीत घालत.

"उपाय सांग," राणी म्हणाली.

"तीन कामं आहेत. वापरून मऊ झालेलं कापड मिळव. मायाधराने कधी न पाहिलेलं चित्र त्यावर उमटव. मग टाके घालून त्याचं दुपटं कर. सगळं तुझ्या हातांनी. बाराव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ते बाळावर पडलं तर शाप सुटेल. नाही पडलं, तर बारसं बाहुलीचं होईल."

"मला यातलं काही येत नाही."

"मी अंड्यातून शिकून आलो होतो काय? ओढ्याकाठी गोजरा रंगारीण राहते. तिच्याकडे जा," असं म्हणून पक्ष्याने दोरा चोचीत धरला आणि तो कामाला लागला.

पाच दिवसांची बाळंतीण घराबाहेर पडत नसते. सुईणीने कपाळाला हात लावला. राणीने डोक्याला फडकं बांधलं, बाळाला दाईच्या मांडीवर दिलं आणि ती मेण्यात बसली.

गोजराचं घर लांबूनच ओळखू येई. दारातल्या शेळीच्या पाठीवर कोयऱ्यांच्या नक्षीची झूल होती. लोणच्याच्या बरणीच्या फडक्याला किनार होती, केरसुणीच्या मुठीला टाके घातलेलं वेष्टण होतं, आणि भिंतीवर टांगलेल्या पिशवीला सात खिसे होते. त्यातले पाच रिकामे होते. गाव तिला हसे. आयतं मिळत असताना ही बाई दिवसभर ठसे ठोकत काय बसते, असं विचारी.

राणीनेही तेच विचारलं.

"मी बी आणलं हुतं की एक लुगडं त्या पेटीतलं," गोजरा म्हणाली. "चांगलं हुतं. पर दुपारचं करायचं काय, सांगा? मला ठसा मारल्याबिगर करमत न्हाई. मग दिलं परत."

एवढंच तिचं कारण होतं. त्यात ना व्रत होतं, ना हट्ट.

राणीने आपली कथा सांगितली. गोजरा उठली. जुनं कापड म्हणावं असं घरात एकच होतं, तिचं कामाचं लुगडं. नऊ वर्षं ती त्याच्या ओच्याला हात पुसत आली होती. ते हातात घेऊन ती जरा थांबली. तिला ते फार आवडत असे. मग तिने ते राणीच्या पुढ्यात ठेवलं. "ओढ्यावर न्या. धुवा. पिळा. तुमच्याच हातानं."

राणीने धुतलं. हिरड्याच्या पाण्यात बुडवलं, उन्हात वाळवलं. कापड फिकट पिवळं झालं. पहिलं काम झालं.

दुसऱ्या कामाला दोन दिवस लागले. गोजराच्या टोपलीतले सगळे ठसे मायाधराने कधी ना कधी बाजारात पाहिले होते. नवा कोरायला हवा होता. गोजराने शिसवीचा ठोकळा दिला, पटाशी दिली. राणीने मनात शिंपी पक्षी आणला आणि कोरायला बसली. हाताला जाण नव्हती, पटाशी भलतीकडे जाई, चोच तुटली, शेपूट आखूड झालं. सातव्या दिवशी ठसा पुरा झाला.

गोजराने तो उजेडात धरून पाहिला. "वांगं झ्याक आलंय."

"तो पक्षी आहे," राणी म्हणाली.

"असंल. पर असलं वांगं म्या बी कुठं बघितलं न्हाई, मग त्यो मांत्रिक कुठनं बघणार? हाणा ठसा."

आठव्या दिवशी राणी ठसा मारायला बसली. गोजराने मातीच्या भांड्यात चिंचोक्याची खळ कालवून ठेवली होती. राणीने ठसा खळीत टेकवला, कापडावर ठेवला, वरून मुठीने ठोकला. उचलून पाहते तो काही नाही. पुन्हा ठोकला, तरी काही नाही. तिने एक्केचाळीस ठसे मारले आणि कापड होतं तसंच फिकट पिवळं राहिलं. राणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गोजरा, काहीच उमटलं नाही."

"उमटलंय. दिसत न्हाई एवढंच. खळीत तुरटी हाय. रंग न्हाई."

राणीने कापड उलटून पाहिलं.

"रंगवून न्हेलं तर दारातला म्हातारा बघंल. म्हणून नुसती तुरटी. उद्या वाड्यात मंजिष्ठाच्या पाण्यात उकळा. तुरटी जिथं बसली तिथंच गडद लाल धरंल. आमच्यात असंच करत्यात." असं म्हणून गोजराने आपली सुया-दोऱ्याची पिशवी काखोटीला मारली आणि तीही मेण्यामागून चालू लागली.

महाद्वाराशी मायाधराने मेणा थांबवला. कापड उलगडलं, उलटसुलट केलं, बोटांनी चाचपलं. त्याच्या बोटांना साऱ्या राज्याची जाण होती, पण तुरटी कशी लागते हे त्यातल्या कुणालाच आता आठवत नव्हतं, रंगारीसुद्धा विसरले होते. एकट्या गोजराला कळे, आणि गोजरा पेटीचं काही नेसत नव्हती.

"राणीसाहेब, ही चिंधी कशाला?"

"पुसायला," राणी म्हणाली.

मायाधर हसला आणि त्याने वाट सोडली.

नवव्या दिवशी मुदपाकखान्यात खिरीचा मोठा हंडा चुलीवर चढला. त्यात खीर नव्हती, मंजिष्ठाची मुळं होती. आचारी रुसून बाहेर जाऊन बसला. राणी काठीने कापड ढवळत होती. पाणी लाल झालं, मग कापड लाल झालं, आणि मग त्या फिकट लालीतून एक्केचाळीस गडद वांगी वर आली. राणीने आनंदाने गोजराला मिठीच मारली. लिंबाच्या झाडावरून पक्ष्याने वाकून पाहिलं. "हा मी?" त्याने विचारलं, आणि दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही.

तिसरं काम टाक्यांचं. घड्या घालून दुपट्याचे थर केले आणि राणीने सुई घेतली. सुई बोटात गेली तरी तिला कळत नसे. रक्त दिसलं की कळे. गोजरा शेजारी बसून स्वतःच्या आठव्या खिशाचं काम करत होती आणि मधूनच "टाका लांब गेला, असू द्या" म्हणत होती. दहाव्या दिवशी राजा आला. त्याला तिथे कुणी बस म्हटलं नाही, तरी तो बसला. बाळाचे गुडघे कठीण झाले होते, ते तो पाहून आला होता.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"सुईत दोरा ओवा," राणी म्हणाली.

राजाने दोन दिवस तेच केलं. एकेका दोऱ्याला वीस वीस वेळा प्रयत्न लागत. त्यापूर्वी त्याने आयुष्यात इतकं अवघड काम केलं नव्हतं.

बारावा दिवस उजाडला. सभागृहात पेटीशेजारी पाळणा टांगला होता. दुपट्याची एक कड अजून बाकी होती. उन्हं कलली तेव्हा बारशाचा मानकरी म्हणून मायाधर आला. तान्ह्या हातांची कोवळी जाण त्याच्या बोटांत उतरायची होती. त्याची नजर राणीच्या मांडीवर गेली आणि तो थबकला.

"हे चित्र मी पाहिलेलं नाही."

"आता पाहिलंत," राणी म्हणाली.

मायाधराने पेटीकडे हात केला. झाकण उघडलं आणि दुपट्यांचा ढीग बाहेर आला. सगळी लाल, प्रत्येकावर एक्केचाळीस वांगी, टाक्यांची नुसती खूण, पण तीसुद्धा तितकीच वाकडी. त्यातलं एक उचलून त्याने बाळावर टाकलं. बाळ होतं तसंच पडून राहिलं.

राजाने ढिगातलं दुपटं पाहिलं, राणीच्या मांडीवरचं पाहिलं. त्याला फरक सापडेना. "राणी, दोन्ही एकच आहेत," तो हताश होऊन म्हणाला. "आता काय?"

कड बाकी होती, म्हणून राणी शिवत राहिली. सूर्य खिडकीच्या चौकटीखाली उतरला. तिने सुई खुपसली.

"आई गं!"

सगळे दचकले. राणी आपल्या बोटाकडे पाहत होती. रक्ताचा एक थेंब होता. तसे थेंब तीन दिवसांत कितीतरी आले होते.

"दुखलं," ती म्हणाली, आणि रडू लागली. "गोजरा, मला दुखलं!"

"मग दुखंलच की. सुई हाय ती," गोजरा म्हणाली. "गाठ मारा बिगी बिगी."

राणीने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि दुपटं बाळावर घातलं. आधी पायांची बोटं गुलाबी झाली. मग गुडघे वाकले. मग बाळाने हात हलवला, राणीचं तेच टोचलेलं बोट त्याच्या तळव्यात आलं आणि मूठ मिटली. बोट चांगलंच ठणकलं. राणीने ते काढून घेतलं नाही. आणि मग बाळ रडलं. बारा दिवसांचं साठलेलं रडणं होतं ते. दारावरचे पहारेकरी भाले टाकून आत धावले.

तिकडे मायाधराची बोटं एकेक करून लाकडासारखी झाली. त्यांतून सगळ्यांची जाण निघून आपापल्या घरी गेली. पेटी तडकली, ढिगाची राख झाली. नशीब, लोकांच्या अंगावरची वस्त्रं तेवढी राहिली, नाहीतर बारशाला जमलेल्या मंडळींची मोठी पंचाईत झाली असती.

राजाने तलवारीला हात घातला. गोजराने हात जोडले.

"महाराज, त्येला मला द्या. हिरडा कुटायला माणूस न्हाई."

राजाने दिला. पुढे मायाधर ओढ्याकाठी रोज हिरडा कुटू लागला. पहिले काही महिने त्याला काहीच लागत नसे. मग एके दुपारी त्याच्या तळहाताला फोड आला, तो दुखला, आणि मायाधर तो फोड सगळ्या गावाला दाखवत हिंडला.

बारशाच्या त्याच संध्याकाळी मुलीचं नाव रेखा ठेवलं. घुगऱ्या वाटल्या. आत्याने बाळ राजाच्या हातात दिलं. राजाने ते दुपट्यासकट तोलून धरलं. मंत्री उभे होते, सरदार उभे होते, चौघडेवाले टिपऱ्या उचलून थांबले होते. आणि राजकन्येने दुपटं ओलं केलं.

दाई पुढे धावली. राजाने तिला हाताने थांबवलं. त्याच्या दोन्ही तळव्यांतून ते कोपरांपर्यंत ओघळत होतं, आणि तो तसाच उभा होता.

"गरम आहे," तो हळूच म्हणाला. मग साऱ्या सभेला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, "अरे, गरम आहे!"

त्या राजाच्या हातांना जी ऊब कळली, ती गोष्ट ऐकणाऱ्यांच्या हातांनाही कळो.