वांग्यामागचा डोंगर

साताऱ्याच्या केतकी गुरवने लाकडाचा ठसा कोरून एक चित्र छापलं. पुढे खिडकीत ठेवलेली दोन वांगी, मागे डोंगर. त्या चित्राचा तिला भारी अभिमान.

प्रदर्शनात कलामंडळाचे अध्यक्ष दादासाहेब नेमके त्याच्यासमोर छाती काढून उभे राहिले. "वांगं डोंगराहून मोठं? लोक हसतील आपल्याला. उतरवा हे."

मागची माणसं टाचा उंचावत होती. केतकीने त्यांनाच विचारलं, "मंडळी, डोंगर दिसतोय का?"

"कुठला डोंगर? आम्हाला दादासाहेबच दिसतायत."

केतकी ताठ मानेने म्हणाली, "बघा दादासाहेब, पुढ्यात उभं राहिलं की कोणीही डोंगराहून मोठं दिसतं. माझ्या वांग्यांचंही तेच झालंय."

चित्र जागचं हललं नाही. दादासाहेब मात्र बाजूला सरकले, आणि मागच्यांना डोंगर दिसला.