बिराप्पा गुरुजी समुद्र शिकतात

खडकेवस्ती नावाच्या गावात एक भोळे गुरुजी होते. नाव बिराप्पा. गाव इतकं कोरडं की तिथल्या बेडकांनाही पोहता येत नाही, असं गुरुजी स्वतःच सांगायचे. "आणि मी त्या बेडकांचा मास्तर," असंही वर म्हणायचे.

एकदा तालुक्याहून पत्र आलं. शिक्षकांसाठी समुद्रविज्ञानाचं ऑनलाइन प्रशिक्षण. सहा शनिवार, सहा सत्रं. सगळी सत्रं पूर्ण करणाऱ्यांतून एका शिक्षकाची निवड होणार आणि त्याच्या शाळेतल्या मुलांना एक दिवस संशोधनाच्या बोटीवर नेणार.

मुख्याध्यापिका लोहारबाई म्हणाल्या, "गुरुजी, आपल्या बावीस पोरांनी समुद्र बघितलाय तो भिंतीवरच्या नकाशात. तोही अर्धा उंदरांनी खाल्लेला. तुम्ही कराच हे. आणि मॅडम सांगतील ते अक्षरशः करा."

हे 'अक्षरशः' सांगायला नको होतं.

पहिला शनिवार आला. गुरुजींच्या घरी मोबाईलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत यायची. तिथं स्टूल टाकून गुरुजी बसले. पडद्यावर शिकवणाऱ्या वेलिंगकर मॅडम आल्या. तीनशे शिक्षकांना म्हणाल्या, "सर्वांनी शांत राहा. काहीही झालं तरी मी सांगेपर्यंत कुणी आवाज करायचा नाही."

गुरुजी शांत राहिले. शेगडीवर दूध होतं. दूध वर आलं. गुरुजींनी पाहिलं. दूध आणखी वर आलं. गुरुजींनी आणखी पाहिलं. दूध ओट्यावरून खाली उतरून त्यांच्या पायापर्यंत आलं. गुरुजींनी पाय वर घेतले.

बायको शेवंताबाई परसातून आल्या. "अहो! डोळ्यांदेखत दूध गेलं, तोंडातून शब्द नाही?"

गुरुजींनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"काही उतू जाताना दिसलं की ओरडायचं!" शेवंताबाई म्हणाल्या. "धावायचं आणि आधी गॅस बंद करायचा!"

"बरोबर आहे तुझं," सत्र संपल्यावर गुरुजी म्हणाले. "मी म्हणजे पगारी मूर्ख."

दुसऱ्या शनिवारी मॅडमनी समुद्राच्या तळाशी असलेला ज्वालामुखी दाखवला. काळ्या पाण्यात लाल लाल रस वर आला, फुगला आणि चहूकडे पसरला. तीनशे शिक्षक श्वास रोखून बघत होते. तेवढ्यात आवाज आला.

"उतू गेलं! उतू गेलं! धावा!"

गुरुजींनी उडी मारली आणि गॅस बंद केला. वर शेवंताबाईंची आमटी होती. ती कच्ची राहिली. ज्वालामुखी चालूच राहिला.

"गुरुजी," मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "असं काही दिसलं की घाबरायचं नाही. एका जागी बसायचं, निरीक्षण करायचं. वेळ, रंग, तापमान वहीत लिहायचं."

"चुकलं," गुरुजी म्हणाले. "आमच्या डोक्यात शिजायला वेळ लागतो."

तिसऱ्या शनिवारचा गृहपाठ साधा होता. 'जवळच्या तळ्यावर जा आणि खोली मोजून आणा.' गुरुजी टेप घेऊन उन्हातान्हात तळ्यावर गेले. चौथ्या शनिवारी मॅडमनी पहिलं त्यांनाच विचारलं.

"बोला गुरुजी, किती भरली खोली?"

"दहा बाय आठ, मॅडम."

"दहा बाय आठ?"

"पंपाची आहे. दुसरी खोलीच नाही तळ्यावर. एक खिडकी आहे, दार वाळवीनं खाल्लंय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, पाणी किती आहे?"

"अजिबात नाही. पत्रा शाबूत आहे."

तीनशे शिक्षकांपैकी दोनशे नव्याण्णव खुर्चीतून घसरले. कुठली खोली हवी होती, ते मॅडमनी समजावून सांगितलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा गुरुजीच हसले. मग खरंच पुन्हा जाऊन दोरीला दगड बांधून मोजून आले. पाणी साडेचार फूट होतं, आणि ते मोजताना गुरुजी त्यात पडल्यामुळे आकड्याबद्दल शंका नव्हती.

तळ्यावरून ओल्या कपड्यांनी परतताना त्यांना तम्माण्णाची कडब्याची गंजी दिसली. गंजीच्या एका कोपऱ्यातून ज्वाळा निघत होत्या. गुरुजींना ज्वालामुखी आठवला. ते धावले नाहीत की ओरडले नाहीत. दगडावर बसले. वहीत लिहिलं : 'वेळ पाच वाजून दहा. रंग नारिंगी. तापमान वाढते आहे.'

बायाबापड्या घागरी घेऊन धावल्या. अर्धी गंजी वाचली. काळ्याठिक्कर तोंडानं तम्माण्णा गुरुजींपुढे उभा राहिला.

"काय करताय ओ?"

"निरीक्षण."

"गुरुजी, अवो, येवढी मोठी गोष्ट कळल्यावर वहीत लिवत बसायचं नसतंय! पयलं गावभर सांगायचं! घरोघर जाऊन!"

गुरुजींना फार वाईट वाटलं. घरचा अर्धा कडबा त्यांनी तम्माण्णाच्या दारात नेऊन टाकला आणि मनाशी खूणगाठ बांधली. मोठी गोष्ट कळली की गावभर सांगायचं.

पाचव्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, "किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते."

गुरुजी स्टुलावरून उठले.

"दररोज, मॅडम?"

"दररोज. पुढच्या शनिवारी शेवटचं सत्र मी कोकणातल्या आमच्या किनाऱ्यावरूनच थेट दाखवणार आहे. संध्याकाळी सहाची भरती."

आता खडकेवस्तीत समुद्र नव्हता, पण भरती ठाऊक होती. गावातली सत्तावीस तरणी पोरं चार वर्षं रोज सकाळी पळत होती, उड्या मारत होती, छाती फुगवून मोजून घेत होती. पोलिसांची भरती निघाली की जिल्ह्याला जायची, हात हलवत परत यायची.

गुरुजी घरोघर गेले. "अरे, कोकणात दिवसातून दोनदा भरती! दररोज! आणि आपण इथं चार वर्षं पळतोय!"

शनिवारी पहाटे टेम्पो निघाला. पोरांच्या अंगात बनियन, चड्डी, पायात बूट, बगलेत कागदपत्रांची फाइल. तीन वाजता किनारा आला. एक म्हातारा कोळी जाळं विणत बसला होता.

"बाबा, भरती हितंच हाय न्हवं?" पोरांनी विचारलं.

"इथंच. सकाळची झाली. आता संध्याकाळची."

"गर्दी असती का?"

"रविवारी असते."

"कुठपर्यंत घेतात?"

कोळ्यानं सुईनं वरचा एक दगड दाखवला. "घेते ना. त्या दगडापर्यंत सगळं घेते."

गुरुजींनी पोरांना उंचीप्रमाणे त्या दगडाच्या पुढे उभं केलं, म्हणजे सगळेच घेतले जातील. सहा वाजता मॅडम कॅमेरा घेऊन आल्या. पाणी पोरांच्या बुटांना लागलं होतं, मग गुडघ्यांना लागलं. पोरांनी फाइली डोक्यावर धरल्या, पण रांग मोडली नाही.

मुलांच्या बोटीचं काय झालं, ते इथंच सांगून टाकतो. बोट खडकेवस्तीलाच मिळाली. मॅडमचं म्हणणं असं पडलं की तीनशे शिक्षकांत समुद्र शिकायला समुद्रापर्यंत आलेला गुरुजी हा एकच. पुढच्या महिन्यात बावीस पोरं बोटीवर गेली. लोहारबाईही गेल्या आणि दिवसभर उलट्या करूनसुद्धा खूश होत्या.

पण त्या संध्याकाळी बाकीच्या दोनशे नव्याण्णव मोबाईलवर जे दिसलं ते असं. मॅडम वाळूवरून हाका मारत धावत होत्या आणि गुरुजी कमरेइतक्या पाण्यात हजेरीपट घेऊन उभे होते.

"गुरुजी! हे काय चाललंय?"

"भरतीला आलोय, मॅडम! सत्तावीस उमेदवार!"

"अहो, भरती म्हणजे पाणी! नुसतं पाणी!"

गुरुजी थबकले. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. स्वतःच्या कपाळावर हात मारून ते पोरांकडे वळले आणि लाटांच्या वर आवाज चढवून ओरडले,

"पोरांनो, हलू नका! माझंच चुकलं! ही पोलिसांची नव्हे, पाणीपुरवठा खात्याची भरती आहे!"