पाटीला हात

धामणखेडला नदीकाठी धर्मशाळेचे बांधकाम चालले होते. श्रीअच्युतनाथ महाराज तेव्हा गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात उतरले होते.

बांधकामावर सरुबाई नावाची बिगारीण होती. नवरा वारलेला, घरात दोन लेकरे. हे काम होते म्हणून चूल पेटत होती. ओला चुना वाहून बिचारीचे तळवे फुटले होते. चुन्याने भरलेली पाटी एकट्याने डोक्यावर चढत नाही, कोणीतरी हात लावावा लागतो. चुना डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती डोळे मिटून पाटी घेई आणि दर खेपेला म्हणे, "हात लावा, महाराज." समोर कोणी का असेना!

हैबती मिस्त्री कारागीर मोठा, पण गर्व त्याहून मोठा. बिगाऱ्याच्या पाटीला हात लावायचा म्हणजे त्याला कमीपणा वाटे. एके सकाळी त्याने बाकीच्या बायांना वाळू आणायला पिटाळले आणि बांबूंच्या उंच परांचीवर बसून तो हसला, "सरे, आज हात लावायला कुणी न्हाई. घडीघडीला महाराज म्हणतीस, मग बोलव की त्यांनाच! न्हाई जमलं तर उद्यापासनं येऊ नगंस."

 सरुबाईने खाली वाकून पाटीच्या कडा धरल्या, डोळे मिटले. "हात लावा, महाराज. घरी लेकरं हायेत."

पाटी अलगद डोक्यावर चढली. आली असेल एखादी बाई मागे, असे समजून ती चालू लागली. हैबतीला मात्र वरून सगळे दिसत होते. पाटीपाशी दुसरे माणूसच नव्हते! पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. त्याने हातातली थापी बाजूला टाकली. तो उतरला आणि देवळाकडे धावत सुटला.

"हळू," दारातला शिष्य म्हणाला. "महाराज सकाळपासून आसनावरून उठले नाहीत. मधूनमधून दोन्ही हात तेवढे वर करतात. भजनात रंगले असावेत."

हैबतीने पाहिले. महाराजांचे तळवे ओल्या चुन्याने माखले होते आणि सरुबाईच्या तळव्यांसारखेच फुटले होते. त्याला रडू कोसळले. तो पायांना हात लावू लागला, तसे महाराजांनी पाय मागे घेतले.

महाराज म्हणाले, "पायांना कशाला हात लावतोस, बाबा? पाटीला लाव. आमचे हात पोळले आता."

तिसऱ्या प्रहरी सरुबाईने डोळे मिटून नेहमीसारखी हाक दिली. पाटी चढली, पण या खेपेला ती जड लागली. तिने डोळे उघडले. हैबती मिस्त्री तिच्यापुढे वाकलेला होता आणि त्याच्या दोन्ही हातांना चुना लागला होता.