राजाच्या बागेतली फिरती पाटी

"एका झाडाला एकच नाव! दुसरं नाव तोंडातून निघालं, की त्या माणसाने बागेतून चालू पडायचं!"

रणधीरराजांनी हुकूम सोडला आणि मिशीला पीळ भरला. झालं होतं असं, की राजेसाहेबांनी हौसेने बाग लावली आणि चार मुलखांतले पाहुणे बोलावले. पाहुणे लाल फळांच्या एका झाडापाशी थांबले. कोकणातले म्हणाले, "वा! रातांबा!" गोव्याकडचे म्हणाले, "रातांबा कसला? भिरंड आहे हे!" कानडी मुलखातले हसले, "अहो, हे तर आमचं मुरुगल!" घाटावरच्यांनी कोकम, कोकम म्हणून टाळ्या पिटल्या. मग जी जुंपली म्हणता! त्या गोंधळात राजेसाहेबांच्या बागेचं कौतुक करायचं राहूनच गेलं. खरा राग होता तो त्याचाच, पण राजाला असं कोण सांगणार?

शास्त्रीबुवांनी पोथ्या चाळून नाव दिलं, 'वृक्षाम्ल'. झाडाच्या खोडावर तशी पाटी ठोकली गेली.

पंचाईत झाली ती इठाक्का माळणीची. ही बाग तिने पाणी घालून वाढवलेली. नवऱ्यामागे बागेतलं खोपट हेच तिचं घर आणि झाडं हाच गोतावळा. एक शब्द चुकला की सगळंच सुटणार! बिचारी येता-जाता 'वृक्षाम्ल, वृक्षाम्ल' घोकत बसली.

पुढच्याच आठवड्यात राजेसाहेबांच्या सासुरवाडीहून कोळंबी आली. राजेसाहेबांनी ती चार वेळा वाढून घेतली. सकाळी उठून बघतात तर अंगभर पित्ताच्या गांधी! सिंहासनावर बसून महाराज एका हाताने न्याय करतात, दुसऱ्या हाताने खाजवतात!

वैद्यबुवा गोव्याकडचे. म्हणाले, "भिरंडाचा रस चोळा, घटकेत उतरेल."

शिपाई बागेत धावला. "इठाक्का, भिरंड दे!"

"कोणाला हवंय?"

"ते सांगायचं नाही. महालातली गोष्ट आहे."

"मग मीही सांगते, भिरंड नावाचं झाड या बागेत नाही. पाट्या वाचून बघा."

शिपाई हात हलवत परतला. राणीसाहेब कोकणातल्या, त्यांनी त्याला रातांबे आणायला पिटाळलं. "रातांबा? नाही बाई!" मुदपाकखान्यातला कानडी आचारी स्वतः मुरुगल मागायला आला, तोही रिकाम्या हाताने गेला. शेवटी खुद्द महाराजच पगडी न घालता, कराकरा खाजवत बागेत हजर!

"इठाक्का! ते... ते लाल फळ दे!"

"लाल फळांची सात झाडं आहेत, महाराज. कुठलं देऊ?"

"अगं ते, भि..." महाराजांनी जीभ चावली. हुकूम त्यांचाच! "ते शास्त्रीबुवांचं. वृक्ष... वृक्षासन!"

"ते नाही आपल्याकडे."

"वृक्षराज?"

"तेही नाही."

महाराज हैराण झाले आणि जवळच्या झाडाला पाठ लावून घासू लागले. इठाक्काने तोंडाला पदर लावला. "महाराज, रागावणार नसाल तर बोलते. जरा पुढे सरकता का? आपण ज्या पाटीवर पाठ घासताय ना, तिच्यावर लिहिलंय!"

महाराज वळले. समोर 'वृक्षाम्ल'! वर फांदीला फळंच फळं!

रस चोळला, सरबत प्यायलं, तेव्हा कुठे महाराज माणसांत आले. पण हट्ट काही सोडला नाही. "राजाचा हुकूम मागे येत नाही. बघणाऱ्याला पाटीवर नाव एकच दिसायला हवं! पण चारही मुलखांतल्या माणसांनी झाड ओळखलंही पाहिजे. उद्या सकाळपर्यंत जमव, नाहीतर खोपट रिकामं कर."

चार माणसांना चार नावं हवीत आणि दिसायला हवं एकच! इठाक्काने त्या झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि तडक सुताराचं घर गाठलं.

सकाळी महाराज आले. खोडावरची पाटी गेली होती. शेजारी एक खांब रोवला होता आणि खांबावर एक चौकोनी लाकडी ठोकळा. वर लाल फळाचं चित्र.

"वाचा महाराज."

"कोकम."

"या पाटीवर किती नावं दिसली?"

"एक."

इठाक्काने ठोकळ्याला बोट लावलं. तो गरकन फिरला. "आता?"

"रातांबा! अगं, हे तर..."

"किती दिसली?"

"एकच," महाराज पुटपुटले.

"ज्याने त्याने आपलं नाव फिरवून घ्यावं. शास्त्रीबुवांचं नाव खाली खांबावर कोरलंय, ते हलत नाही. कुठल्याही गावचा माणूस आला तरी तंटा नको!"

महाराजांनी ठोकळा चारदा फिरवून पाहिला. मग भुवई उडवली. "पण चार नावं वाचून एखाद्याला वाटलं, झाडंच चार आहेत, तर?"

"महाराज, आईसाहेब आपल्याला काय म्हणतात?"

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. "बाळू."

"दरबार म्हणतो महाराज. मेहुणे म्हणतात दाजी. म्हणून कोळंबीला तीन पानं मांडावी लागली का? तिघांच्या हाका, पण गांधी उठल्या एकाच्याच अंगावर!"

महाराज खो खो हसत सुटले. हसता हसता खांबाला टेकले, तर ठोकळा पुन्हा फिरला! "खोपट पाडा," ते ओरडले. इठाक्काचा चेहरा पांढरा पडला. "आणि तिथे हिला कौलारू घर बांधा! आजपासून इठाक्का या बागेची कारभारीण. प्रत्येक झाडाला असाच खांब लागला पाहिजे, आणि तो हिच्या मर्जीने!"

इतक्यात महालाच्या सज्जातून राणीसाहेबांची हाक आली, "अहो! ऐकलंत का? औषधाची वेळ झाली!"

महाराज लगबगीने निघाले.

"बघा," इठाक्का म्हणाली, "फिरली पाटी!"