मुसळे उचलणारे चाक

फार जुन्या काळी, राजाला न विचारता शहाणे म्हणायची पद्धत होती तेव्हाची गोष्ट. एका डोंगरी गावात अमाप भात पिकायचे. पण हाताने कांडून कांडून बायका कांडणार तरी किती? मग गावकरी ते टरफलासकट खालच्या बाजारात स्वस्तात देत, आणि त्याचेच तांदूळ महाग घेऊन डोंगर चढत. याला ते व्यापार म्हणत.

गावातल्या एका सुतारणीला हे पटेना. ओढ्याच्या पाण्याने चाक फिरावे, चाकाने मुसळे उचलावीत आणि ती आपसूक उखळांत पडावीत, असे तिच्या मनात आले. लाकूड कोण देणार? तिने स्वतःच्या घराच्या तुळया उतरवल्या.

"पाण्याला कांडायला लावतेस?" गावचा म्होरक्या म्हणाला. "मग वाऱ्याला भांडी घासायला लाव की."

"लावीन, काका. आधी हे फिरू दे."

चाक दोनदा मोडले. मग फिरले. बायका टोपल्या घेऊन आल्या आणि दिवस मावळायच्या आत तांदूळ घेऊन गेल्या.

बातमी ऐकून राजा आला. चाक पाहून त्याला गहिवरून आले. दरबाऱ्यांनी चाकावर इतके हार घातले, की ते अडकून थांबले.

"असंच राहू दे," प्रधान म्हणाले. "एवढ्या थोर वस्तूला राबवणं शोभत नाही. इथं देऊळ बांधू. कुणी हात लावायचा नाही."

सुतारणीला दरबारात आसन मिळाले. न्यायला पालखीही आली.

भाताच्या टोपल्या घेऊन बायका तशाच उभ्या होत्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "जा, पोरी. पालखी पुन्हा दारात यायची नाही. आम्ही आपलं हातानं कांडू."

सुतारीण बराच वेळ पालखीकडे पाहत राहिली. पालखीला छप्पर होते. तिच्या घराला नव्हते.

मग ती म्हणाली, "महाराज, या चाकाला हात लावणार नाही. पण दुसऱ्याला लावला तर चालेल ना?"

"दुसरं कुठं आहे?"

"अजून झालं नाही."

जे नाही त्याला मनाई कशी करावी, हे प्रधानांना कुठल्याच पोथीत सापडेना. राजाने मान डोलावली. पालखी रिकामी गेली.

सुतारणीने त्याच बायकांना हाताशी घेतले. कुणी फळ्या तासायला शिकली, कुणी उखळ कोरायला. ओढ्याच्या उतारावर चाकामागून चाक उभे राहिले. दरबारी प्रत्येकाला हार घालायला धावत. शेवटी बागेतली फुले संपली आणि त्यांचा नाइलाज झाला.

पुढे लोहाराला काम मिळाले, बुरुडाला मिळाले, गाडीवानांना तर उसंत राहिली नाही. खालचे व्यापारी धापा टाकत डोंगर चढून तांदूळ न्यायला येऊ लागले. राजाचा खजिना भरला, आणि चाकाची कल्पना मुळात आपलीच होती, असे त्याला हळूहळू आठवू लागले. सुतारणीने ते खोडून काढले नाही. तिला वेळ नव्हता.

तात्पर्य: शोध देवळात ठेवला तर त्याला फुले मिळतात, दहा हातांत दिला तर गावाला अन्न मिळते.